प्रत अमर झाली, वृत्तपत्र मात्र मेले

१/
२४ जून २०२१ च्या पहाटे हाँगकाँगमधील वृत्तपत्रविक्रेत्यांपुढे रांगा लागल्या होत्या. ‘ॲपल डेली’ या दैनिकाचा तो शेवटचा अंक होता आणि त्याच्या दहा लाख प्रती छापण्यात आल्या होत्या. आठवडाभर आधी, १७ जून रोजी, सुमारे पाचशे पोलिसांनी या दैनिकाच्या कार्यालयावर छापा घातला. मुख्य संपादकासह पाच वरिष्ठांना अटक झाली आणि कंपनीची मालमत्ता गोठवण्यात आली. कर्मचाऱ्यांचे पगार भागवणेही अशक्य झाले. छापण्याची यंत्रे शाबूत होती, वाचकही होते. तरी वृत्तपत्र बंद पडले.

२/
त्याच मध्यरात्री दैनिकाचे संकेतस्थळही मिटले. परंतु काही स्वयंसेवकांनी तत्पूर्वीच त्यावरील मजकूर उतरवून घेण्यास आरंभ केला होता. तो त्यांनी ‘आरवीव्ह’ नावाच्या नेटवर्कवर ठेवला. या नेटवर्कला एक मालक नाही, एक इमारत नाही. मजकुराच्या प्रती जगभरातील अनेक संगणकांवर राहतात, एकदाच शुल्क भरावे लागते आणि चढवलेला मजकूर पुसून टाकण्याची सोय कोणाच्याच हाती नसते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘स्टँड न्यूज’ हे वृत्तस्थळ छाप्यानंतर बंद झाले, तेव्हा त्याच्याही मजकुराची हीच व्यवस्था लावण्यात आली.

३/
या दोन घटनांनंतर एक सिद्धान्त मोठ्या उत्साहाने मांडला जाऊ लागला. तो असा : वृत्तपत्र विकेंद्रित नेटवर्कवर गेले की सत्तेचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही; म्हणजे सेन्सॉरशिपचे युग संपले. तंत्रज्ञानाच्या जगात हा सिद्धान्त जवळजवळ श्रद्धेसारखा वावरतो. इतिहासाच्या कसोटीवर मात्र तो टिकत नाही. ‘ॲपल डेली’चे जुने अंक आज नेटवर्कवर आहेत, हे खरे. पण २५ जून २०२१ चा अंक कोणत्याही नेटवर्कवर नाही. कारण तो निघालाच नाही.

४/
दप्तर वाचवणे आणि वृत्तपत्र वाचवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दप्तर इतिहासकाराच्या उपयोगी पडते. वृत्तपत्र हे उद्या सकाळी काय छापावयाचे, या प्रश्नाचे रोजचे उत्तर असते. ते देण्यासाठी बातमी आणणारी माणसे लागतात, ती पारखणारा संपादक लागतो आणि धोका पत्करून ती पुढे नेणारा वाचक लागतो. ही तिन्ही माणसे तुरुंगात गेली किंवा गप्प झाली, तर जगातील कितीही संगणकांवर प्रती असल्या तरी वृत्तपत्र मेलेलेच असते.

५/
ज्याला आज ‘पीअर-टु-पीअर’ म्हणतात, त्याची मूळ कल्पना साधी आहे. नेहमीच्या संकेतस्थळाचा मजकूर एका ठरावीक सर्व्हरवर असतो. सरकारने त्याची वाट अडवली की वाचक बाहेरच राहतो. पीअर-टु-पीअर रचनेत प्रत्येक सहभागी संगणक एकाच वेळी ग्राहकही असतो आणि पुरवठादारही. २००१ मध्ये आलेल्या ‘बिटटोरंट’मध्ये फाइल घेणारा प्रत्येक जण तिचे तुकडे इतरांना देऊ लागतो. ‘आयपीएफएस’मध्ये फाइलचा पत्ता तिच्या मजकुरावरूनच काढलेला असतो. एक अक्षर बदलले तरी पत्ता बदलतो. त्यामुळे प्रत कोणाकडूनही आली तरी ती अस्सल आहे की नाही हे पडताळता येते.

६/
वाचकानेच प्रत पुढे नेण्याची ही रचना संगणकाच्या आधीची आहे. तिचे एक दीर्घायुषी आणि अत्यंत अभ्यासनीय उदाहरण सोव्हिएत संघात सापडते. तेथे प्रकाशनपूर्व तपासणीसाठी १९२२ पासून ‘ग्लावलित’ नावाचे स्वतंत्र सरकारी खाते होते. छापखाने, कागद, वितरण, सारे राज्याच्या मालकीचे. या पोलादी चौकटीच्या आत ३० एप्रिल १९६८ ही तारीख असलेले एक टंकलिखित पत्र मॉस्कोत निघाले. त्याचे नाव पुढे ‘ख्रोनिका तेकुश्चिख सोबितिय’ म्हणून रूढ झाले. म्हणजे ‘चालू घडामोडींचे इतिवृत्त’.

७/
तिची पहिली संपादक आणि पहिली टंकलेखिका होती कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्काया. १९६८ हे संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्क वर्ष म्हणून घोषित केले होते आणि अंकाच्या दर्शनी पानावर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील एकोणिसावे कलम असे. मत बाळगण्याचा आणि माहिती मिळवण्याचा व देण्याचा हक्क सांगणारे. आत कोणाला केव्हा अटक झाली, कोणत्या कलमाखाली खटला चालला, शिक्षा किती झाली, छावणीत कोण उपोषणाला बसले आहे, एवढेच. विशेषणे जवळजवळ नाहीत, मतप्रदर्शन नाही.

८/
छापण्याची पद्धत अशी : पातळ कागदांच्या चवडीत कार्बन कागद घालून टाइपरायटरवर बडवायचे. एका वेळी मोजक्याच प्रती निघत आणि शेवटची अगदी पुसट असे. ज्याच्या हाती प्रत येई, तो पुन्हा तशीच चवड घालून नव्या प्रती काढी आणि ओळखीच्यांना देई. वाचक हाच मुद्रक, हाच वितरक. या व्यवहाराला ‘समिझदात’ म्हणतात, म्हणजे ‘स्वतःच प्रकाशित केलेले’. बिटटोरंटने जे यंत्राकडून करवून घेतले, ते येथे माणसे बोटांनी करीत होती.

९/
परंतु ‘ख्रोनिका’चे खरे वैशिष्ट्य प्रती पसरण्यात नव्हते. १९६८ मध्येच तिने आपल्या वाचकांना बातमी पाठवण्याची रीत समजावून सांगितली. ज्याच्याकडून अंक मिळाला त्यालाच माहिती द्यावी. तो त्याला अंक देणाऱ्याकडे ती पोहोचवील. अशी ती मुळापर्यंत जाईल. स्वतः मात्र साखळीच्या टोकापर्यंत जाण्याचा प्रयत्न करू नये, अन्यथा लोक खबऱ्या समजतील. अंक ज्या वाटेने खाली येई, त्याच वाटेने बातमी वर जाई.

१०/
या एका योजनेत सारे मर्म आहे. साखळीतील प्रत्येकाला फक्त आपल्या शेजारची कडी माहीत असे, त्यामुळे एक कडी तुटली तरी सारी साखळी पोलिसांच्या हाती लागत नसे. आणि प्रत्येक वाचक हा संभाव्य वार्ताहर असल्यामुळे मॉस्कोतील एका टाइपरायटरपर्यंत दूरच्या छावण्यांतील, युक्रेनमधील, लिथुआनियातील, क्रिमियातून हद्दपार झालेल्या तातारांच्या वस्त्यांतील बातम्या पोहोचत. ‘ख्रोनिका’ १९८३ पर्यंत चालली. साठांहून अधिक अंक निघाले. ज्या राज्याकडे जगातील एक अत्यंत बलाढ्य गुप्त पोलीस यंत्रणा होती, तेथे पंधरा वर्षे.

११/
आता ‘आरवीव्ह’वरील संग्रहाशी तिची तुलना करावी. तेथे प्रत अविनाशी आहे, पण वाट एकाच दिशेची आहे. वाचक मजकूर घेतो. त्याच्याकडून परत काहीही जात नाही. ‘ख्रोनिका’ची प्रत जळू शकत होती, पाण्यात भिजू शकत होती, झडतीत सापडू शकत होती, तरी ते जिवंत वृत्तपत्र होते, कारण बातमी उलट दिशेने येत राहिली. विकेंद्रित तंत्रज्ञानाचे भक्त प्रतीच्या टिकाऊपणाला स्वातंत्र्य म्हणतात. तो टिकाऊपणा शिलालेखालाही असतो.

१२/
केंद्र आणि साखळी यांतील फरक मराठी वाचकाला समजावून सांगण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून ‘काँग्रेस रेडिओ’चे गुप्त प्रक्षेपण सुरू झाले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी चाललेली असताना बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाला बातम्या ऐकवल्या. पोलिसांना चकवण्यासाठी प्रक्षेपक वारंवार एका जागेवरून दुसरीकडे हलवला जाई. तथापि, कितीही हलवला तरी प्रक्षेपक एकच होता. एका तंत्रज्ञाने फितुरी केली आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला गेला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

१३/
त्यांच्या धैर्यात काही उणे नव्हते; उणीव रचनेत होती. आवाज दूरवर पोहोचवणाऱ्या त्या साधनाला एक केंद्र होते, आणि केंद्र शोधता येते. या कारणासाठी पीअर-टु-पीअर रचनेचे कौतुक रास्तच आहे. एकाच सर्व्हरवर विसंबणारे वृत्तस्थळ हे एकाच प्रक्षेपकावर चालणाऱ्या रेडिओसारखे असते. मात्र केंद्र काढून टाकले की भय संपले, हे पुढचे अनुमान चुकीचे आहे. केंद्र नसलेल्या वृत्तपत्रावर सत्ता कशी तुटून पडते, तेही ‘ख्रोनिका’च्या इतिहासातच दिसते.

१४/
गोर्बानेव्स्कायाला डिसेंबर १९६९ मध्ये अटक झाली. तिला ‘मनोरुग्ण’ ठरवून कझान येथील विशेष मनोरुग्णालयात डांबण्यात आले. ‘ख्रोनिका’ थांबली नाही. संपादन दुसऱ्यांनी हाती घेतले. मग १९७२ मध्ये केजीबीने या पत्रासाठी स्वतंत्र प्रकरण उघडले. प्योत्र याकिर आणि विक्टर क्रासिन यांना पकडून, त्यांच्यावर दबाव आणून, सप्टेंबर १९७३ मध्ये पत्रकार परिषदेत त्यांच्याकडून जाहीर पश्चात्ताप वदवून घेण्यात आला. शिवाय धमकी अशी होती की यापुढे निघणाऱ्या प्रत्येक अंकामागे अटका होतील, आणि त्या प्रत्यक्ष अंक काढणाऱ्यांच्याच होतील असे नाही.

१५/
हा घाव वर्मी बसला. १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या मे महिन्यापर्यंत ‘ख्रोनिका’ प्रसिद्ध झाली नाही. टाइपरायटर जागेवर होते, कार्बन कागद बाजारात मिळत होता, साखळी बऱ्याच अंशी शाबूत होती. नेटवर्कच्या भाषेत सांगायचे तर रचना सुरळीत होती. तरीही दीड वर्ष एकही अंक वाचकांपर्यंत गेला नाही. कारण आपल्या अंकापायी दुसरा कोणी तुरुंगात जाईल, हा विचार संपादकांना सोसवेना. सत्तेने कागदाला हात न लावता माणसांच्या सदसद्विवेकालाच ओलीस धरले होते.

१६/
या कोंडीतून वाट निघाली ती अधिक गुप्ततेमुळे निघाली नाही. मे १९७४ मध्ये तात्याना वेलिकानोवा, सर्गेई कोवाल्योव आणि तात्याना खोदोरोविच या तिघांनी परदेशी वार्ताहरांना बोलावले, मधल्या काळातील तीन अंक त्यांच्या हाती ठेवले आणि हे पत्र पसरवण्याची जबाबदारी आपली आहे, असे स्वतःच्या सहीनिशी जाहीर केले. निनावी साखळीला तीन नावे मिळाली. ज्यांना ओलीस धरण्यात आले होते, त्यांच्या जागी हे तिघे स्वतः उभे राहिले.

१७/
किंमत ठरलेलीच होती. कोवाल्योव यांना डिसेंबर १९७४ मध्ये अटक झाली. वर्षभराने विल्नियस येथे खटला चालून सात वर्षे छावणी आणि तीन वर्षे हद्दपारी अशी शिक्षा झाली. १० डिसेंबर १९७५ रोजी ऑस्लो येथे आंद्रेई सखारोव यांचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांच्या पत्नी येलेना बॉनर स्वीकारत होत्या, त्या दिवशी सखारोव स्वतः विल्नियसच्या न्यायालयाबाहेर आपल्या मित्रासाठी उभे होते. वेलिकानोवा यांना १९७९ मध्ये अटक झाली. चार वर्षे छावणी, पाच वर्षे हद्दपारी.

१८/
याच ठिकाणी आजच्या प्रचलित सिद्धान्ताची दुसरी चूक उघड होते. निनावीपण हेच स्वातंत्र्याचे कवच, असे तो मानतो. वस्तुतः बातमीवर विश्वास बसण्यासाठी कोणीतरी तिच्या मागे उभे असावे लागते. ‘ख्रोनिका’ मागील अंकांतील चुका पुढील अंकांत दुरुस्त करीत असे. सोव्हिएत कायद्यात राज्याची बदनामी करणाऱ्या ‘खोट्या’ मजकुराला शिक्षा होती. त्यामुळे अचूकपणा हा तिच्यासाठी नैतिक आग्रह होता आणि बचावाचे शस्त्रही. मजकूर कोणी बदललेला नाही, एवढेच ‘आयपीएफएस’चा पत्ता सांगू शकतो. तो खरा आहे की नाही, हे सांगणे संपादकाचेच काम राहते. खोटी बातमीही तितक्याच निर्दोषपणे जतन होते.

१९/
पोलंडचा अनुभव याला दुजोरा देतो. १३ डिसेंबर १९८१ रोजी तेथे लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि ‘सॉलिडॅरिटी’वर बंदी आली. दोनच महिन्यांत, फेब्रुवारी १९८२ मध्ये, वॉर्सात ‘तिगोद्निक माझोव्शे’ हे भूमिगत साप्ताहिक सुरू झाले. हेलेना वुचिवो यांच्यासह प्रामुख्याने स्त्रियांनी ते चालवले. मजकूर एके ठिकाणी जुळवला जाई आणि छपाई विखुरलेल्या गुप्त ठिकाणी होई. एक ठिकाण सापडले तरी दुसरे चालू राही. खपाचा आकडा हजारोंच्या घरात होता. १९८९ पर्यंत ते निघत राहिले.

२०/
येथेही वाट दुहेरी होती. वाचक पैसे पाठवीत आणि भूमिगत पत्रे सांकेतिक नावांनी त्यांची पोच छापत. देणगी पोहोचली की नाही, हे देणाऱ्याला अंकातच कळे. त्यातून एक संस्था उभी राहिली. म्हणूनच मे १९८९ मध्ये निर्बंध सैल होताच हाच चमू ‘गझेता विबोर्चा’ हे दैनिक काढू शकला. त्यांनी केवळ जुन्या अंकांची पेटी जपली असती, तर तो चमू दुसऱ्या दिवशी सकाळी दैनिक काढायला हजर झाला नसता.

२१/
आता तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. आजची पुष्कळशी पीअर-टु-पीअर नेटवर्के वाचकाला जुन्या साखळीपेक्षा अधिक उघडे पाडतात. बिटटोरंटमध्ये एखादी फाइल घेणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता त्याच फाइलसाठी जोडलेल्या इतरांना दिसतो. ‘आयपीएफएस’मध्येही कोणता मजकूर कोणत्या संगणकाकडे आहे, हे नेटवर्कला विचारता येते. पोलिसांना छापा घालण्याची गरजच नाही. त्यांनी स्वतः एक सहभागी म्हणून जोडून घ्यावे आणि यादी उतरवून घ्यावी. ‘ख्रोनिका’ने ज्या कुतूहलाला खबऱ्याचे लक्षण मानले होते, ते येथे रचनेतच अंतर्भूत आहे.

२२/
याहून मोठा प्रश्न संमतीचा आहे. कायद्याच्या नजरेत वाचणे आणि वाटणे या वेगवेगळ्या कृती असतात आणि वाटण्याची शिक्षा बहुधा अधिक असते. रशियात ‘मेदुझा’ या वृत्तस्थळाची वाट मार्च २०२२ मध्ये अडवण्यात आली आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ‘अनिष्ट संघटना’ ठरवण्यात आले. त्यानंतर तेथील वाचकाने त्याचा दुवा इतरांना पाठवणे हेही शिक्षेला निमंत्रण ठरू शकते. अशा देशात, वाचता वाचता आपोआप वाटप करणारे साधन प्रकाशकाने वाचकाच्या हाती देणे म्हणजे त्याला न विचारता वितरक बनवणे होय. टाइपरायटरवर बोटे ठेवणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे ठाऊक असे.

२३/
या टीकेवर एक उत्तर दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. ‘ख्रोनिका’चा वाचकवर्ग लहान होता, बराचसा शहरी व सुशिक्षित; तिचा वेग मंद होता; हाताने प्रती काढताना चुका होत. हे सर्व मान्य करावे लागते. तिचा मजकूर कोट्यवधींपर्यंत गेला तो साखळीमुळे नव्हे. परदेशी पोहोचलेले अंक रेडिओ लिबर्टी, बीबीसी आणि डॉइच वेले यांनी रशियन भाषेत वाचून दाखवले म्हणून. १९७१ पासून ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. म्हणजे साखळीलाही बाहेरच्या मोठ्या आवाजाची जोड लागली.

२४/
नवी साधने निरुपयोगी आहेत, असेही म्हणता येणार नाही. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि बीबीसीने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘टोर’ या स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणाऱ्या नेटवर्कवर आपली आवृत्ती उपलब्ध केली. ‘स्नोफ्लेक’ या साधनाद्वारे मुक्त देशातील कोणीही आपल्या ब्राउझरची खिडकी उघडी ठेवून निर्बंधाखालील अनोळखी वाचकाला वाट करून देऊ शकतो. ‘सेनो’ हा ब्राउझर अडवलेल्या पानांची प्रत एका वाचकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवतो. ही खरी मदत आहे.

२५/
मात्र यांतील ‘स्नोफ्लेक’चे तत्त्व नीट पाहावे. तेथे धोका सुरक्षित देशातील माणूस अंगावर घेतो आणि असुरक्षित देशातील वाचकाचा भार हलका होतो. जुन्या ‘फ्रीनेट’ने तर २००८ च्या सुमारास केवळ ओळखीच्या मित्रांशीच जोडून घेण्याची पद्धत आणली, म्हणजे शेजारची कडी तेवढी ठाऊक असावी, हा चाळीस वर्षांपूर्वीचा मॉस्कोतील नियम संगणकाने नव्याने शिकला. ज्या साधनांनी माणसांच्या साखळीचे शहाणपण उचलले, ती उपयोगी ठरतात. ज्यांनी फक्त प्रत अमर करण्याचा ध्यास घेतला, ती उत्तम दप्तरखाने ठरतात.

२६/
तुर्कस्तानातील प्रसंग या संदर्भात बोलका आहे. २९ एप्रिल २०१७ रोजी तेथे विकिपीडिया अडवण्यात आला. थोड्याच दिवसांत तुर्की विकिपीडियाची प्रत ‘आयपीएफएस’वर ठेवण्यात आली आणि सेन्सॉरशिपचा पराभव झाल्याचे सांगितले गेले. पण ती गोठलेली प्रत होती. तिच्यात कोणाला ओळ घालता येत नव्हती की चूक दुरुस्त करता येत नव्हती. बंदी उठली ती १५ जानेवारी २०२० रोजी, घटनात्मक न्यायालयाच्या निर्णयानंतर. जवळजवळ तीन वर्षांनी न्यायालयात जे मिळाले, ते नेटवर्क देऊ शकले नव्हते.

२७/
यंत्रांना श्रेय देणारा इतिहास लिहायला सोपा आणि वाचायला सुखद असतो. मुद्रणयंत्राने धर्मसुधारणा घडवली, फॅक्सने भिंती पाडल्या, आता ब्लॉकचेन हुकूमशहांना हरवील. या कथनात कोणालाही छावणीत जावे लागत नाही. म्हणूनच ते लोकप्रिय आहे आणि म्हणूनच ते अन्यायकारक आहे. त्यात गोर्बानेव्स्कायाची रुग्णालयातील वर्षे, कोवाल्योव यांची सात वर्षे, उषा मेहतांची चार वर्षे हिशेबातून गळतात. २०२० च्या अखेरीपासून कोठडीत असलेले ‘ॲपल डेली’चे संस्थापक जिमी लाय यांची वर्षेही तशीच गळतात.

२८/
तेव्हा यापुढे एखादे वृत्तपत्र ‘सेन्सॉर न होणाऱ्या’ नेटवर्कवर गेल्याची बातमी आली, तर तीन प्रश्न विचारावेत. वाचकाकडून बातमी परत येण्याची वाट त्यात आहे काय? त्या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी घेणारे कोणी आहे काय? आणि वाचकावर येणारा धोका त्याला सांगून, त्याच्या संमतीने आलेला आहे काय? ‘ख्रोनिका’ने कार्बन कागदावर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिली होती. ज्या नेटवर्कपाशी ती नाहीत, त्याने वृत्तपत्र वाचवल्याचा दावा करू नये. जुने अंक नीट जपून ठेवले, इतकेच म्हणावे.